कर्नल अपडेटनंतर उबुंटू सुरू होत नाही, फॉरमॅट मारू का?

अजिबात नको. कर्नल, म्हणजे उबुंटू या लिनक्स सिस्टिमचा गाभा, अपडेट झाल्यापासून काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' (कर्नल पुढे जाऊच शकत नाही, अशी चूक) येतं आणि दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

निपाणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. आमच्या भागात लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. दोन्हीकडची नावं, मानपान, वर 'श्री रेणुकादेवी प्रसन्न' हे सगळं जुळवायला एका पत्रिकेला अर्धा दिवस लागतो. चार वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मशीन असंच अडकलं. बेळगावच्या एका दुकानात नेलं. तिथल्या माणसाने न विचारता विंडोज टाकलं, आणि सात वर्षांच्या फायली गेल्या. दुसऱ्या दिवशी सौंदलग्याचे एक काका मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. तीनदा दुरुस्त केलेलं प्रूफ होतं ते. त्यांच्यासमोर बसून मी ते पहिल्या अक्षरापासून परत टाईप केलं.

पुण्यात आयटीत असलेला माझा मेव्हणा तेव्हा म्हणाला, "दाजी, लिनक्स शिकायला ठीक आहे, धंद्याच्या मशीनवर नको." मी पुन्हा उबुंटूच टाकलं.

दोन वर्षांनी तोच पडदा पुन्हा समोर आला. या वेळी घाई केली नाही, मोबाईलवर फोटो काढून ओळ न् ओळ वाचली. शेवटी होतं, 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)'. म्हणजे कर्नल उठलं होतं, पण त्याला डिस्क सापडत नव्हती. डिस्कपर्यंत नेणारी इनिटरामएफएस फाईलच नव्या कर्नलसाठी तयार झाली नव्हती. अशी एक फाईल माझ्याकडे 100 एमबीच्या आसपास होते, आणि कर्नलं नि या फायली जिथे राहतात त्या /बूटचं (/boot) वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, 512 एमबीचं. जुनी कर्नलं साठत गेली, जागा संपली, अपडेट अर्धवट राहिलं. माझ्या पत्रिकांना धक्कासुद्धा लागला नव्हता.

मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय (नव्या मशीनमधली सुरू होण्याची पद्धत) असेल तर एस्केप, तेही एकदाच, जास्त दाबलं तर मेनूऐवजी नुसता ग्रबचा (कर्नल निवडायचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रॉम्प्ट येतो. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडा. ते चालू झालं की आधी पत्रिका, हिशोब, जे काही असेल ते पेनड्राइव्हवर काढा. मग टर्मिनलमध्ये डीएफ (df) कमांडने /बूट किती भरलंय ते बघा, एपीटी ऑटोरिमूव्हने (apt autoremove) जुनी कर्नलं काढा (यूनेम -आर, म्हणजे uname -r, जे चालू कर्नल दाखवेल ते सोडून), नव्या कर्नलसाठी अपडेट-इनिटरामएफएस (update-initramfs) आणि शेवटी अपडेट-ग्रब (update-grub) चालवा. मला चहा थंड व्हायच्या आत जमलं.

मेव्हण्याला मी हेच सांगतो: नवं कर्नल बिघडलं तर जुनं त्याच मेनूत उभं असतं, ते धंद्यासाठीच तर आहे. फायली घालवल्या त्या लिनक्सने नाही, न वाचता फॉरमॅट मारणाऱ्याने. तुमच्या दुरुस्तीवाल्याला विचारा, शेवटची ओळ वाचलीस का? नसेल वाचली तर मशीन उचलून घरी आणा.

हां, जुनं कर्नलही उठत नसेल तर प्रकरण वेगळं. लाईव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) बूट करून आधी डिस्क तपासा. आणि पॅनिक न येता नुसता काळा पडदा राहत असेल, एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर तो बहुतेक ड्रायव्हरचा घोळ, वरचं काही कामाला येणार नाही. शेवटच्या ओळीचा फोटो टाका, बघून सांगतो.