रिपोर्ट त्याच दारात परत गेला पाहिजे

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पाड्यावरच्या बायांनी तुमच्या संशोधनासाठी तपासणीला रक्त द्यायला नकार दिला, 'मागच्या खेपेला नेलं, त्याचं काय झालं?' असं विचारलं, आणि तुमच्या टीमनं फॉर्मवर कारण लिहिलं 'गैरसमज'. अगं, यात गैरसमज कुठे आहे? त्यांनी हिशोब मागितला. तो तुमच्याकडे नव्हता.

आता तो 'गैरसमज' घालवायला पथनाट्य बसवू का, असं विचारतेस. नको. रक्त ज्या दारातून आणलं, त्याच दारात रिपोर्ट परत गेला पाहिजे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं तर तो तीव्र रक्तक्षय. तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायला हवं. तो आकडा तुमच्या एक्सेलमध्ये पडून असतो आणि ती निंदणीला जात असते. तिनं पुढच्या वेळी दंड का पुढे करावा?

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा अभ्यास झाला. दहा ते चौदा वर्षांच्या मुली, त्यातल्या बऱ्याच आदिवासी. खम्ममच्या वसतिगृहांत कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या. पुढे सात मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, पण २०१० मध्ये अभ्यास थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे, गर्भाशयमुखाचा कर्करोग ती टाळते. पण ज्या आईला आधी विचारलंच नाही, तिला नंतर कुठल्या तोंडानं समजावणार?

उलट गडचिरोली बघ. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुदोष दिसला तर इंजेक्शनही द्यायच्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पण गावाला निकालासाठी त्या अंकाची वाट बघावी लागली नव्हती. बाळ आजारी आहे हे ज्या दिवशी कळे, त्याच दिवशी त्याच घरात उपचार सुरू होत. माहिती घेणारी आणि मदत देणारी बाई एकच होती. पुढे आशांमार्फत देशभर घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना आली, तिचं मूळ इथे आहे.

मला या हट्टापायी खूप ऐकून घ्यावं लागलं. एका प्रकल्पात रिपोर्ट पोचवण्याचा खर्च बजेटमधून काढला, तेव्हा मी नमुने घ्यायचं काम थांबवलं. मुदत चुकली, पुढचं अनुदान गेलं, बरोबरीचे प्राध्यापक झाले. त्या सहकाऱ्यांशी तुटलेली मैत्री अजून सलते. पण काम थांबवल्याचं वाईट वाटत नाही, आजही तेच करीन. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही संशोधनाचा लाभ सहभागी लोकांपर्यंत न्यायला सांगितलं आहे. मी काही जगावेगळं मागत नव्हते.

तुझे सर म्हणतील, वेळ नाही. गाडीला डिझेल आहे ना? मग वेळही आहे. आधी मागच्या खेपेचे रिपोर्ट मागून घे. मिळाले नाहीत तर पाड्यावर तसं स्पष्ट सांग, पुढचे नमुने घेऊ नकोस आणि नैतिकता समितीला लेखी कळव. मिळाले तर तिथल्या आशाताईला बरोबर घे. रिपोर्ट चावडीवर वाचायचे नाहीत, ज्याचा त्याच्या हातात द्यायचे. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी जायचं ते सांग आणि त्या दिवशी तू स्वतः तिथे हजर राहा. नवीन संमतीपत्रं त्या फेरीला बॅगेतसुद्धा नेऊ नकोस.

तुझी,
मॅडम