वायुसेनेत वैमानिक व्हायचंय? आधी हे तपासा

वायुसेनेच्या फ्लाइंग शाखेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, एसएसबीला (अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांना) पुन्हा जाता येतं. पण शरीराची मापं, रंगदृष्टी आणि वैमानिक अभियोग्यता चाचणी (सीपीएसएस) यांत दुसरी संधी मिळत नाही. बहुतेक मुलं मात्र तयारी नेमकी उलट्या क्रमाने करतात. दोन वर्षं गणिताचा क्लास लावतात आणि डोळे तपासायला जातात ते निवड झाल्यावर.

प्रश्न : मी अकरावीत आहे. दोन्ही डोळ्यांना उणे ०.७५ नंबर आहे. लेसिक (नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया) करून एनडीएतून वैमानिक होता येईल का? (सातारा)

एनडीएमार्गे, म्हणजे बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नाही. फ्लाइंग शाखेला एका डोळ्याची दृष्टी चष्म्याविना ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. ६/९ असलेला डोळा काचेने ६/६ पर्यंत आला तर चालतं, पण ही सवलत फक्त अधिक नंबरासाठी आहे. अधिक नंबर २.० पर्यंत आणि सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) ०.७५ पर्यंत चालतो. उणे नंबर चालत नाही. डोळ्यांत थेंब घालून तपासणी होते, त्यामुळे डोळे ताणून अक्षरं वाचून दाखवली तरी नंबर लपत नाही. एनडीएच्या उमेदवाराला लेसिक केलेलं चालत नाही.

तुमच्यासाठी मार्ग आहे तो पदवीनंतर, एएफकॅट या वायुसेनेच्या प्रवेश परीक्षेतून. त्याच्या अटी नीट लक्षात ठेवा. शस्त्रक्रिया वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली नसावी, ती होऊन किमान १२ महिने उलटलेले असावेत, शस्त्रक्रियेनंतर पारपटलाची (कॉर्नियाची) जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी आणि मूळ नंबर ६ पेक्षा जास्त नसावा. डोळ्याच्या आतल्या लांबीलाही मर्यादा आहे आणि ती शस्त्रक्रियेने बदलत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी ही लांबी आणि पारपटलाची जाडी मोजून घ्या. शस्त्रक्रियेआधीच्या नंबराचे कागद जपून ठेवा. अठराव्या वर्षी घाईने लेसिक करणारी मुलं हा मार्गही स्वतःच बंद करतात.

त्याच भेटीत रंगांची तपासणी करून घ्या. आकडे लपवलेली रंगीत ठिपक्यांची पुस्तिका बहुतेक नेत्रतज्ज्ञांकडे असते, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. जन्मजात रंगदोषावर उपचार नाही, आणि वैमानिकाला सर्वांत वरची श्रेणी लागते.

प्रश्न : माझी उंची १६४ सेंमी आहे. ती पुरेशी आहे ना? पायांचं मापही घेतात असं ऐकलं. (लातूर)

किमान उंची १६२.५ सेंमी, म्हणजे त्यात तुम्ही बसता. पण खरी अडचण बाकीच्या तीन मापांत येते. पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंमी आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंमी हवी.

ही मापं घरी घेता येतात. पाठ आणि कुल्ले भिंतीला टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ पसरा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ही पायाची लांबी. कठीण स्टुलावर तसंच भिंतीला टेकून, गुडघे काटकोनात ठेवून बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीची लांबी. स्टुलाच्या पृष्ठभागापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत बसल्यावरची उंची. गादीवर किंवा सोफ्यावर मोजलं तर माप चुकतं.

या आकड्यांमागे कॉकपिटची रचना आहे. पाय आखूड असेल तर रडर पेडल (शेपटीचं सुकाणू वळवणारं पायातलं पेडल) पूर्ण दाबता येत नाही. मांडी लांब असेल तर इजेक्शनच्या वेळी (आसनासह विमानाबाहेर फेकलं जाताना) गुडघे समोरच्या पॅनेलला आपटतात. बसल्यावरची उंची जास्त असेल तर डोकं कॅनपीला (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला) लागतं. म्हणून या मापांत विनंतीला जागा नसते. पाय ९८ सेंमी भरला तर वायुसेनेच्या ग्राउंड ड्यूटी शाखांचा विचार आत्ताच सुरू करा. तिथे ही मापं आड येत नाहीत.

प्रश्न : सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते हे खरं का? तिची तयारी करता येते का? (पुणे)

खरं आहे. कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम किंवा तिच्या आधीची पीएबीटी यात एकदा नापास झालेला उमेदवार फ्लाइंग शाखेसाठी कायमचा अपात्र ठरतो. मग तो एनडीएतून आला, सीडीएसमधून (पदवीनंतरची तिन्ही दलांची परीक्षा) आला की एएफकॅटमधून, याने फरक पडत नाही. म्हणूनच ‘पहिल्यांदा अनुभव म्हणून जाऊन येतो’ हा विचार एसएसबीच्या बाबतीत एकवेळ चालेल, इथे अजिबात नाही.

तयारी नक्की करता येते. चाचणीचा एक भाग विमानातली उपकरणं वाचण्याचा असतो. तिथे माहिती देतात, पण ती पहिल्यांदाच ऐकणारा मागे पडतो. सहा उपकरणं आधीच पक्की करा: उंचीमापक, वेगमापक, चढउताराचा दर, दिशा, वळण-दर्शक आणि कृत्रिम क्षितिज.

चुका ठरलेल्या जागी होतात. उंचीमापकात लहान काटा हजार फूट दाखवतो, लांब काटा शंभर. लहान काटा ५ च्या अगदी जवळ पण अलीकडे आणि लांब काटा ९ वर असेल तर उंची ४,९०० फूट. घाईत मुलं ५,९०० लिहितात. लांब काटा ९ च्या आसपास असेल तेव्हा लहान काटा पुढच्या आकड्याला टेकल्यासारखा दिसणारच, हे डोक्यात बसवा. दिशादर्शकावर ३३ म्हणजे ३३० अंश. उजवीकडे वळताना अंश वाढतात, डावीकडे कमी होतात. ०२० वरून डावीकडे ४० अंश वळलात तर ३४० वर येता.

सर्वाधिक गोंधळ कृत्रिम क्षितिजाचा. त्यात छोटं विमान स्थिर असतं, कलते ती क्षितिजाची रेषा. विमान उजवीकडे कललं की रेषेचं उजवं टोक वर जातं. चित्र पाहून ‘रेषा डावीकडे झुकली, म्हणजे विमान डावीकडे’ असं वाटतं आणि उत्तर उलटं होतं. रेषेकडे न पाहता विमानाचा कोणता पंख क्षितिजाखाली गेलाय ते पाहा. वळण-दर्शकात काटा वळणाची दिशा सांगतो आणि चेंडू वळण संतुलित आहे की नाही ते सांगतो. चेंडू वळणाच्या आतल्या बाजूला गेला तर स्लिप, बाहेरच्या बाजूला गेला तर स्किड.

दुसरा भाग यंत्रावरचा. हाताने स्टिक आणि पायाने पेडल चालवत सरकता बिंदू जागेवर ठेवायचा, त्याच वेळी दिवे आणि आवाज यांना प्रतिसाद द्यायचा. इथे बिघडतं ते जास्तीच्या दुरुस्तीमुळे. बिंदू सरकला की मूल स्टिक जोरात ढकलतं, बिंदू पलीकडे जातो, ते परत उलट ढकलतं आणि झोका वाढतच जातो. हालचाल छोटी करा, परिणाम पाहा, मग पुढची करा. घरच्या संगणकावर विमानाचा सिम्युलेटर, साधी जॉयस्टिक आणि जमलं तर पायाचे पेडल असा सराव रोज वीस-पंचवीस मिनिटं केला तर हात-पाय वेगवेगळे चालवायची सवय लागते. पण चाचणीच्या यंत्रात स्टिकने बिंदू कुठे जातो ते सिम्युलेटरवरून गृहीत धरू नका. तिथली सूचना शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. आणि आदली रात्र जागून काढू नका. थकलेल्या डोक्याला एका वेळी एकच काम जमतं, इथे तीन-चार लागतात.

प्रश्न : बारावी कॉमर्स (गणितासह), आता बी.कॉम. ६८ टक्के. एएफकॅटमधून फ्लाइंगला अर्ज करू का? (नागपूर)

नाही. पदवी कोणतीही चालते, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्हींत प्रत्येकी किमान ५० टक्के लागतात. तुमच्याकडे भौतिकशास्त्र नाही. त्याच परीक्षेतून लेखा शाखेत मात्र बी.कॉम.ला जागा असते.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिला लढाऊ विमान उडवायचंय. आम्ही पालकांनी कुठून सुरुवात करावी? (नाशिक)

अकरावीला विज्ञान शाखा घ्या; एनडीएच्या वायुसेना विभागाला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. एनडीएत मुली २०२२ पासून जात आहेत, आणि वायुसेनेच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांना २०१६ मध्ये कमिशन मिळालं. तुमच्या नाशिकमध्येच राज्य शासनाची मुलींसाठीची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. प्रवेश दहावीनंतर, लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून मिळतो. मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. पुढे एसएसबीचं बोलावणं आलं की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचा मोफत वर्गही लक्षात ठेवा.

एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. गणितात १२० प्रश्न अडीच तासांत असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. राज्य मंडळाच्या मुलांना इथे पद्धतीचा धक्का बसतो: बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, इथे फक्त उत्तराला. अकरावीपासूनच घड्याळ लावून सोडवायची सवय लावा. आणि वर सांगितलेली डोळ्यांची तपासणी याच सुट्टीत करून घ्या.

प्रश्न : एसएसबीतून शिफारस झाली. आता वैद्यकीय तपासणीची भीती वाटते. आधी काय करून ठेवता येईल? (कोल्हापूर)

अभिनंदन. फ्लाइंगची तपासणी दिल्लीतल्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापनेत किंवा बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत होते. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कानातला मळ काढून घ्या. पडदाच दिसला नाही तर तपासणी अडते. नाक बंद करून हवा दाबली की दोन्ही कान मोकळे होतात का, हेही त्यांच्याकडून पाहून घ्या. उंचीबरोबर हवेचा दाब बदलतो, कान मोकळा झाला नाही तर पडद्याला इजा होते. नाकाचं हाड फार वाकडं असेल तर त्याचा संबंधही याच्याशीच आहे.

मणक्याच्या एक्स-रेकडे सर्वाधिक लक्ष देतात, कारण इजेक्शनचा हिसका थेट कण्यावर येतो. जन्मजात दोष असेल तर त्यावर घरी करण्यासारखं काही नाही. मूळव्याध, हायड्रोसील, किडलेले दात, जास्त वजन ही मात्र दुरुस्त होणारी कारणं आहेत. ती आत्ताच हातावेगळी करा. वजन शेवटच्या आठवड्यात उपाशी राहून उतरवू नका.

अपात्र ठरवलं तर कारण लेखी मिळतं. त्याच कागदावर अपील मंडळाची पद्धत आणि मुदत असते. आधी मुदत वाचा, मग त्या विषयाच्या तज्ज्ञाला भेटा. दोष शस्त्रक्रियेने जाणारा असेल तर जखम भरायला लागणारे दिवस मुदतीतून वजा करा आणि तारीख त्या हिशेबाने ठरवा. ओली जखम घेऊन अपीलला गेलेला उमेदवार दुसऱ्यांदाही अपात्र ठरतो.