चार वर्षांच्या मुलीला हिवाळ्यातल्या जंगलातल्या प्राणी-मित्रांच्या गोष्टी कशा सांगाव्यात?

मुलगी रोज रात्री नवी गोष्ट मागते आणि तुम्हाला आता सुचेनासं झालंय, असं तुम्ही लिहिलंय. हिवाळा घेतलात तर निम्मी गोष्ट आयती मिळते. थंडी पडली की जंगलात कुणी झोपी जातं, कुणी जागं राहतं, कुणी दूर उडून जातं. म्हणजे मित्रांची ताटातूट आलीच. त्यात राक्षस नको, शिकारी नको. ‘माझा मित्र आता खेळायला येणार नाही’ हे चार वर्षांच्या मुलाला पुरेसं मोठं दुःख असतं.

माझ्याकडच्या मुलांची लाडकी गोष्ट सांगते. काटू हा हेजहॉग, म्हणजे पाठभर काटे असलेला छोटासा प्राणी, आणि झुबी ही खार. झुबीला झाडावरच्या घरट्यात कोंबायला वाळकी पानं हवी असतात. झुडपाखाली तिला पानांचा मोठा ढीग दिसतो. ती एक पान उचलते, दुसरं उचलते, तिसरं उचलते आणि खाली काटे! काटू गोल गुंडाळी करून झोपलेला. ती हाका मारते, तो हलतही नाही. आता पानं न्यायची की ठेवायची?

इथे थांबा आणि मुलीला विचारा. घाई करू नका, मुलं इथे फार सुंदर उत्तरं देतात.

‘तो मेला का?’ हा प्रश्न बहुतेक येतोच. तो टाळू नका, खरं ते सांगा. शीतनिद्रेत, म्हणजे हिवाळ्यातल्या लांब गाढ झोपेत, हेजहॉगचं अंग गार पडतं, मिनिटाला सुमारे 190 वेळा धडधडणारं हृदय 20 च्या आसपास येतं. अंगातली चरबी त्याला वसंतापर्यंत पुरवायची असते आणि मध्येच उठलं की ती जास्त खर्च होते. झुबी पानं परत का पांघरते, हे मग मुलांना समजावून सांगावं लागत नाही. आकडे अर्थातच तुमच्यासाठी, तिला ‘हळू... हळू... धक... धक’ पुरे.

झुबीला मात्र हिवाळाभर झोपवू नका. झाडावरच्या खारी शीतनिद्रा घेत नाहीत, पुरलेली फळं उकरत हिंडतात. काही तशीच राहून जातात आणि त्यातून झाडं उगवतात. तीही एक गोष्ट झाली.

आणखी हवं असेल तर रेन नावाचा इवलासा पक्षी घ्या. कडाक्याच्या थंडीत हे पक्षी एकाच ढोलीत दाटीवाटीने झोपतात. इंग्लंडमध्ये 1969 साली पक्ष्यांसाठी लावलेल्या घरट्याच्या एका पेटीत साठाहून अधिक रेन सापडले होते. ‘अजून एकाला जागा आहे का?’ एवढ्या एका वाक्यावर ही गोष्ट चालते आणि मुलं ते वाक्य स्वतःच म्हणायला लागतात. काळ्या अस्वलाची पिल्लं तर भर हिवाळ्यात गुहेतच जन्मतात. कोल्हा आला की तो लबाडच, ही सवयही सोडून बघा. कोल्हे कधीकधी बॅजर या बिळं खणणाऱ्या प्राण्याच्याच बिळात एका बाजूला राहतात, त्यामुळे तुम्हाला आयते शेजारी मिळतील.

मुलगी काटूला मध्येच उठवायचा हट्ट करेल. खुशाल उठवू द्या. हेजहॉग हिवाळ्यात अधूनमधून थोडा वेळ जागे होतातच, कधी जागाही बदलतात. तेवढ्यात झुबीची आणि त्याची भेट घालता येते.