गॅस हीटरचा नॉब दाबून धरला की पायलट (मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटतो, सोडला की विझतो. थर्मोकपल गेलाय का? घरच्या घरी कसा तपासायचा आणि बदलायचा?

सोलापूरचा माणूस हीटरवर उत्तर देतोय म्हटल्यावर हसाल. हसा. मे महिन्यात आम्हाला हीटर लागत नाही, भिंतीला पाठ टेकवली तरी पुरतं. पण मार्गशीर्षात आणि संक्रांतीनंतर, गड्ड्याची जत्रा उठता उठता, रात्री बरा गारठा पडतो. रिसेप्शनं उघड्या लॉनवर असतात. म्हणून आमच्या थोरल्या साडूंनी मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात ते उभे, छत्रीसारख्या डोक्याचे गॅस हीटर घेतले, भाड्यानं द्यायला. कुणीतरी वापरून टाकलेले, अर्ध्या किमतीत.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला होतो, बॉयलरवर. "थर्मोकपल गेलाय" हे न मोजता कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बाहेरचा पार्ट तो, म्हणून खापर त्याच्यावर. "गेला" म्हणून टाकून दिलेले कितीतरी मी मीटरवर चांगले निघालेले पाहिलेत.

साडूंच्या हीटरचं हेच झालं होतं. तुमच्यासारखंच, नॉब सोडला की टक आवाज आणि अंधार. त्यांच्या पोरानं नवा थर्मोकपल घातला, तरी तेच. संध्याकाळी एका मोठ्या घरचं रिसेप्शन होतं. मी लॉनवर गेलो तर हीटर छान पेटलेला. मला बरं वाटलं. मग जवळ गेलो आणि बघतो तर नॉब दाबून, बाइंडिंगच्या तारेनं पिळा मारून बांधून टाकलेला. खाली पत्र्याच्या डब्यात १९ किलोचा सिलिंडर, शेजारी पोरं खुर्च्या मांडतायत.

ती तार मी पक्कडीनं तोडली. हीटर विझला. साडू चार माणसांत म्हणाले, "पाहुणे, तुमचा कारखाना नाही हा. वऱ्हाड यायची वेळ झालीय."

तार बांधली तर बिघडतं काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचं सोडा. ज्योतीत तापलेलं थर्मोकपलचं टोक काही मिलिव्होल्ट तयार करतं, तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक धरून राहतो. ज्योत गेली, टोक थंड झालं, चुंबक सुटला, गॅस बंद. नॉब बांधला की चुंबकाला काम उरत नाही. वाऱ्याची एक झुळूक आली, ज्योत गेली, तरी गॅस चालूच. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, गालिच्यावरून पसरतो. आणि लॉनवर फटाके लावणारा कुणीतरी असतोच.

तर मीटर लावला. तुम्हीही हेच करा, नवा मागवायच्या आधी. थर्मोकपलचा नट व्हॉल्व्हच्या मागून सोडवा. साधा मल्टिमीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर. एक पिन तारेच्या टोकावरच्या बटणाला, दुसरी तांब्याच्या नळीला. दुसऱ्या कुणालातरी नॉब दाबून पायलट पेटता ठेवायला सांगा. मिनिटभरात आकडा २० ते ३० च्या मध्ये आला पाहिजे. १५ च्या खाली रेंगाळला तर बदला. पण त्याआधी ज्योत बघा. पिवळी, लुळी, टोकाला नुसती चाटून जाणारी असेल तर थर्मोकपल बिचारा काय करणार? पायलटच्या भोकात कोळ्याचं जाळं असतं, विशेषतः हीटर गोदामात पडून असेल तर. हवेनं फुंका, सुई घालू नका, भोक मोठं होतं. ज्योत निळी हवी आणि वरचं सेंटिमीटरभर टोक तिच्यात बुडालेलं हवं.

साडूंच्या हीटरवर २७ आले. म्हणजे पोरानं बदललेला थर्मोकपल ठणठणीत, आणि बहुतेक काढलेला जुनाही ठणठणीत होता. तो कचऱ्यात गेला होता, नाहीतर तिथंच मोजून दाखवला असता.

मग दोष कुठं? या उभ्या हीटरना एक टिल्ट स्विच असतो, हीटर कलंडला की गॅस बंद व्हावा म्हणून. तो थर्मोकपलच्याच वायरीत मध्ये बसवलेला असतो. डोक्याजवळचं झाकण काढलं. त्याच्या दोन चपट्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज. ओल्या ताडपत्र्यांबरोबर गोदामात ठेवल्यावर दुसरं काय होणार. इथं जोड लागतोय म्हणून सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर जाऊ नका, बीप वाजतो आणि फसवतो. चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स ओमच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. गंजामुळे अर्धा ओम जरी वाढला तरी करंट मरतो आणि चुंबक धरत नाही. मी त्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडून बघितल्या, पायलट लगेच राहिला. मग बारीक पॉलिश पेपरनं पिना घासल्या, क्लिपा पकडीनं थोड्या आवळल्या, स्विच पुन्हा लाइनीत घातला आणि हीटर हातानं कलता करून बंद होतो का तेही पाहिलं. झाला.

वऱ्हाड यायच्या आत झाला, हे मुद्दाम लिहितोय. कारण साडू आजही प्रत्येक कार्यात सांगतात की पाहुण्यांनी ऐन वेळी हीटर बंद पाडला. वर म्हणतात, "तुम्हीपण वायर जोडून स्विच बायपासच केला की. माझी तार आणि तुमची वायर, फरक काय?" फरक असा, की मी वायर जोडली तेव्हाही थर्मोकपल पहाऱ्यावर होता. ज्योत विझली असती तर गॅस बंदच झाला असता. आणि मी ती तपासण्यापुरती जोडली, समोर उभा राहून, आणि काढली. तुम्ही सगळ्या पहाऱ्याचाच गळा आवळून जेवणाचा मेनू बघायला गेला होतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, त्यांना पटलेलं नाही.

तुमचा आकडा खरोखरच कमी आला तर बदलणं सोपं आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, हीटर गार होऊ द्या. जुना काढून दुकानात सोबत न्या, कारण आटे सगळ्यांचे सारखे नसतात आणि लांबीही ६०० पासून १५०० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळी मिळते. जास्तीच्या नळीचं मोठं वेटोळं करा, काटकोनात मोडू नका. बसायची जागा कोरड्या फडक्यानं पुसा. नट बोटांनी पूर्ण फिरवा, मग पान्यानं पाव फेरा, बस. ताकद लावली की आतलं इन्सुलेशन चेपतं आणि नवा थर्मोकपल पहिल्याच दिवशी मरतो. त्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तो इलेक्ट्रिकचा जोड आहे, नळाचा नाही. आकडा चांगला आणि तुमच्या हीटरला टिल्ट स्विच नसेल, तर जोड पुसूनही न धरल्यास बहुतेक चुंबकाचा भाग गेलाय. व्हॉल्व्ह उघडायचं काम मेकॅनिकचं, ते घरी नको. गॅसच्या बाजूचा कुठलाही जोड हलला असेल तर साबणाचं पाणी लावून बघा. वास आला तर खटाटोप सोडून १९०६, म्हणजे गॅसगळतीची हेल्पलाइन, लावा.

एक राहिलं, आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं: तुमचा हीटर खोलीतला आहे का? आणि नॉब सोडताक्षणी विझतो की दहा-वीस मिनिटं चालून? खोलीतल्या बऱ्याच हीटरमध्ये पायलटच असा बनवलेला असतो, की हवेतला ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत टोकापासून दूर सरकते आणि गॅस बंद होतो. काही वेळ चालून विझत असेल तर बहुतेक तो बिघाड नाही, तुमची खोली कोंदटलीय. ज्योत सरकू नये म्हणून टोक वाकवून पुढं आणू नका. खिडकी उघडून पुन्हा लावून बघा, तसा टिकला तर थर्मोकपल मागवूच नका.