वडिलांची .३१८ रायफल माझ्या नावावर करून घेता येईल का, आणि तिने शिकार करता येईल का?

आपण विचारले आहे की, वडील नुकतेच वारले, मुरबाडच्या घरी त्यांची .३१८ वेस्टली रिचर्ड्स रायफल आहे, आपण स्वतः नेरूळला राहता. तर ती रायफल आपल्याला ठेवता येईल का, तिने रानडुकराची शिकार करता येईल का, आणि अशा मीडियम बोअर रायफलींचा संग्रह करायचा झाल्यास सुरुवात कशी करावी. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. माझ्या वडिलांची .३७५ रायफल मला अशाच रीतीने मिळाली, त्यामुळे या वाटेवरचे खाचखळगे मला ठाऊक आहेत.

सर्वात आधी, ती रायफल आज घरात असेल तर आजच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. परवाना वडिलांच्या नावावर होता, आपल्या नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम २१ नुसार ज्याच्याकडे शस्त्र बाळगण्याचा अधिकार उरलेला नाही त्याने ते विनाविलंब जमा करायचे असते. दुःखाच्या दिवसांत याकडे दुर्लक्ष होते, हे मी समजू शकतो. परंतु कपाटात राहिलेली रायफल हा वारसांवर येणारा गुन्हा ठरू शकतो. काडतुसेही त्यातच आली, एक जरी असले तरी. त्यानंतर शस्त्र नियम, २०१६ मधील वारसांसाठीच्या तरतुदीखाली आपण स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. नेरूळचा रहिवास असल्याने अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे जाईल. मृत्यूचा दाखला, वडिलांच्या परवान्याचे पुस्तक, जमा पावती आणि आई-भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे हाताशी ठेवा. नियमांत आणखी एक सोय आहे, जी पुष्कळांना माहीत नसते: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, तर तो हयात असतानाच वारसाला अर्ज करता येतो. ज्यांचे वडील आज हयात आहेत त्यांनी ही सोय अवश्य वापरावी.

आता रायफलीकडे वळतो. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, आणि हे आकडे इंचांतले. मीडियम बोअर म्हणजे साधारणपणे .३१८ पासून .३७५ पर्यंतच्या, काहींच्या मते .४०० पर्यंतच्या रायफली. लहान बोअरची वेगवान गोळी हरणापर्यंत ठीक, मोठ्या बोअरची जड दुनाळी रायफल हत्ती-गव्यासाठी, आणि या दोहोंच्या मधले जवळजवळ सगळे काम ज्यांनी केले त्या या रायफली. जर्मनीत ऑटो बॉक यांची ९.३ × ६२ मिमी १९०५ मध्ये आली, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची .३१८ साधारण १९१० मध्ये, आणि हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम १९१२ मध्ये. अवघ्या सात-आठ वर्षांत हे घडले, कारण जर्मनीच्या माउझर कंपनीची बोल्टची (हाताने मागेपुढे सरकवायच्या खिटीची) रचना आणि धूररहित दारू ही दोन्ही तोवर पक्व झाली होती. दुनाळीच्या निम्म्याहूनही कमी किमतीत भरवशाची मॅगझिन रायफल, म्हणजे एका वेळी अनेक काडतुसे भरून ठेवता येणारी, मिळू लागली आणि ती राजेरजवाड्यांबरोबर वनाधिकारी व मळेवाल्यांच्या हातातही आली.

आपल्या .३१८ चे नाव मात्र फसवे आहे. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात; .३१८ इंच हा त्या खाचांमधल्या उंच कठड्यांमधला व्यास, प्रत्यक्ष गोळी .३३० इंचाची असते. उलट जुन्या जर्मन ८ मिमी रायफलींची गोळी खरोखरच .३१८ इंचाची असते. त्यामुळे केवळ आकडा जुळतो म्हणून कोणी काडतूस पुढे केले तर ते घेऊ नका. नळीवर ‘अ‍ॅक्सिलरेटेड एक्स्प्रेस’ ही, म्हणजे वेस्टली रिचर्ड्सने या काडतुसाला दिलेल्या नावाची, अक्षरे कोरलेली आहेत का ते पाहा. तिची मूळ गोळी २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला साधारण ७३० मीटर. गोळी जाडीच्या मानाने लांब व जड असल्याने सरळ आणि खोल जाते, आणि या रायफलीचा सगळा लौकिक त्यावरच उभा आहे. नुसत्या वेगावर भाळणाऱ्या आजच्या नेमबाजांना मी हे नेहमी समजावून सांगतो.

शिकारीचे उत्तर थोडक्यात देतो: आपल्याकडे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीला आळा घातला, आणि परवान्याने शिकार करण्याची जी वाट त्यात शिल्लक होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. रानडुक्कर उभ्या पिकाची नासधूस करत असेल तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो; पण ती विशिष्ट क्षेत्रापुरती असते आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. मुरबाडला आपली शेती असली, तरी ‘डुक्कर आले म्हणून मारले’ हे स्पष्टीकरण चालणार नाही. परदेशात, म्हणजे नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेत, कायदेशीर शिकार होते. आफ्रिकेतील अनेक देशांत रानरेडा-हत्तीसारख्या घातक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा मानतात, तिथे आपली.३१८ हरणांपुरतीच उरते.

संग्रहाबाबत मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. माझ्याकडे तीन होती. तिसरी, आजोबांची १२ बोअर दुनाळी, मला डिसेंबर २०२० च्या मुदतीपूर्वी विक्रेत्याकडे सोपवावी लागली, आणि तिच्या दस्त्यावरची आजोबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा अजूनही माझ्या हाताला आठवते. म्हणून संख्येच्या मागे लागण्याऐवजी एक रायफल पूर्णपणे जाणून घ्या. तिचे मूळ खरेदीपत्र, नळीवरच्या चाचणीच्या मुद्रा, विक्रेत्याचे कोरलेले नाव हे सगळे टिपून ठेवा. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही या जुन्या दुकानाची इमारत आपण पाहिली असेल. त्या दुकानातून विकल्या गेलेल्या रायफलींवर त्यांचे नाव असे आणि त्यावरून रायफल कोणत्या वाटेने आपल्या घरी आली याचा माग लागू शकतो. दुसरी रायफल घ्यायचीच असेल तर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ घ्या. दिसायला ती साधी असली तरी तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीला बनतात. .३१८ ची काडतुसे भारतात बनत नाहीत, आणि किनॉक या ब्रिटिश काडतूस कंपनीने १९६० च्या दशकात थांबवलेल्या उत्पादनातले जे जुने डबे कुठे निघतात त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

त्या जुन्या काडतुसांबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घ्या. त्यांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागात, क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरतो आणि तो हवेतले पाणी ओढून घेतो. तेल लावून तो जात नाही, गरम पाण्यानेच धुवावा लागतो. वडिलांनी शेवटची गोळी कोणत्या काडतुसाची झाडली हे आपल्याला माहीत नाही, म्हणून रायफल हाती आल्यावर पहिली धुलाई गरम पाण्याची करा, मग कोरडी करून तेल द्या. माझी .३७५ मी एका पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंद ठेवली होती. दिवाळीपूर्वी गजाला फ्लॅनेलची चिंधी लावून नळीतून काढली तर ती विटकरी रंगाची होऊन बाहेर आली; खिडकीकडे धरून पाहिले तेव्हा नळीच्या मुळाशी खाचांमध्ये मोहरीएवढे तीन काळे डाग दिसले. ते खड्डे आजही आहेत आणि नळी बदलल्याशिवाय जाणार नाहीत. ठाण्याच्या खाडीवरची हवा खारट आहे, नेरूळची तितकीच. चामडे ओल धरते, म्हणून रायफल उघडी, कोरड्या लोखंडी कपाटात, कुलूपबंद ठेवा. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करताना नळीला आतून तेल द्या आणि परत आणल्या दिवशीच ती साफ करा.

अर्ज करण्यापूर्वी आणखी एक काम करा. विक्रेत्याच्या समोर रायफलीवरचा क्रमांक स्वतः भिंगाखाली वाचा आणि परवान्याच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. माझ्या वडिलांच्या पुस्तकात कधीकाळी नूतनीकरणाच्या वेळी ३ चा ८ झाला होता. तो सुधारून घेण्यात माझे सात महिने गेले, आणि तोवर रायफल विक्रेत्याकडेच पडून होती.