आठवीतला मुलगा माइनक्राफ्ट सोडत नाही

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एका आईचं पत्र आलंय. मुलगा आठवीत, शाळेतून आला की माइनक्राफ्ट हा ठोकळे रचायचा गेम, नाहीतर मोबाईलवर गोळीबाराचे खेळ. गणितात काठावर पास. वडील म्हणतात, मोबाईल काढून घ्या. मामा म्हणतात, गेमनं डोकं चालतं. खरं कुणाचं?

ताई, मामांचं अर्धं खरं आहे. नुसता गेम खेळून गणिताचे मार्क वाढत नाहीत. पण रचायच्या खेळात मुलाला नीट काम नेमून दिलं, तर तो स्वतःहून आकडेमोडीला बसतो. माइनक्राफ्टमधला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, तेव्हा मोजमाप तिथं आयतंच आहे.

त्याला गेममध्ये आपलं कुस्तीचं खासबाग मैदान बांधायला सांगा. क्रिएटिव्ह मोड (त्यात ठोकळे हवे तेवढे मिळतात), सपाट जग. मैदान गोल आणि ठोकळे चौकोनी, खरी गंमत इथंच आहे. आधी चौकटीच्या वहीत काढू दे. समजा त्रिज्या २० धरली. मधल्या ठोकळ्यापासून उजवीकडे ५ घरं गेलं तर वर किती जायचं? २० चा वर्ग ४००, त्यातून २५ गेले, ३७५ चं वर्गमूळ साधारण १९. उजवीकडे १० घरं गेलं तर १७. पायथागोरस सातवीत शिकून झालाय, तो इथं कामाला येतो.

हमखास चुका दोन. एक, रुंदी ४० धरतात. मधला ठोकळा धरून ती ४१ होते, नाहीतर मैदान एका बाजूला सरकतं. दुसरी, १४ घरांच्या पुढंही तसंच मोजत जातात. १८ ला उंची ९ येते, १९ ला एकदम ६, आणि भिंतीला भोक पडतं, कारण तिथं वळण उभं होत जातं. म्हणून ० ते १४ एवढंच मोजायचं आणि आडवे-उभे आकडे अदलाबदल करून पुढचा तुकडा काढायचा. झाला पाव गोल. तोच आणखी तीनदा उलटवून बसवायचा. हे त्याला आधी सांगू नका. भोक पडू दे, का पडलं ते त्यालाच शोधू दे. शिकणं तिथंच होतं. मग मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत्या पायऱ्या. एकदा मैदानावर घेऊन जा, पायऱ्या मोजून येऊ दे.

वेळेवरून भांडण होतं त्याचं कारण साधं आहे. गोळीबाराची मॅच मध्येच थांबवता येत नाही; सोडली तर सोबतचे चिडतात. म्हणून हातातून मोबाईल ओढू नका. पंधरा मिनिटं आधी सांगा, "ही मॅच संपली की बास, नवी लावायची नाही." माइनक्राफ्टमध्ये एकट्यानं बांधलेलं जग सेव्ह राहतं, तिथं थांबणं सोपं जातं. जेवायला बसल्यावर आज काय अडलं ते वडिलांनी विचारावं. उपदेश नको, नुसतं विचारावं.

माइनक्राफ्ट विकत घ्यायला लागतो. पैसे घालायचे नसतील तर लुआंटी फुकट आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर चालतो. त्यातही ठोकळेच रचायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या ॲपवर स्वतःचा गेम करू दे, तोही फुकट, एकदा उतरवला की नेट लागत नाही. त्याच्या पडद्यावर आडवं −२४० ते २४० आणि उभं −१८० ते १८० असं मोजतात, त्यामुळं ऋण संख्या रोज हाताखालून जातात.

आणि आजच एक करा: प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल अशी सेटिंग लावा, आणि यूपीआयचा पिन त्याच्यासमोर टाकू नका.