तेर हेच प्राचीन तगर आहे का, आणि तिथे आता पाहण्यासारखे काय शिल्लक आहे?

तेर हेच तगर, याविषयी शंका नको. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याचे लिहिले आहे. ते तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील आमचे तेर, हे प्राचीन लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. शिलाहार राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत.

मात्र तुमच्या प्रश्नातले ‘शिल्लक काय’ हे शब्द मला झोंबले, कारण आमच्या घरात थोरले चुलते अण्णा नेमके हेच विचारत. मृगाच्या आधी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नवी माती टाकायची म्हणून ते गावाभोवतालच्या टेकाडांची पांढरी माती गाडीगाडीने आणत आणि आम्हा पोरांना ती पसरायला लावत. त्या मातीत रंगीत मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि तुळतुळीत लाल खापरे सापडत. मी ती वेचून कोनाड्यात ठेवली की अण्णा सगळी परत मातीत फेकत आणि वर विचारत, “खापरांनी पोट भरतं का रे?” त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे अशाच वस्तू आयुष्यभर जमवत राहिले आणि त्यांच्या संग्रहातून आज शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे, हे अण्णांना मी कैकदा ऐकवले; त्यांनी दर वेळी विषय पावसाकडे वळवला.

तेव्हा आधी ते संग्रहालयच पाहा. इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती तेरच्या मातीतूनच निघाली आहे. त्यानंतर त्रिविक्रम मंदिर पाहा आणि नमस्कार करून लगेच निघू नका. मागच्या बाजूला जाऊन त्याची अर्धगोल भिंत आणि विटांचे गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे, छत नीट न्याहाळा. उत्तरेश्वर मंदिराचे विटांचे काम आणि गोरोबाकाकांचे (संत गोरा कुंभारांचे) मंदिर सहज पाहून होते.

त्रिविक्रम मंदिराची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, होती, असे बहुतेक जण सांगतात. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही सांगायला हवे. शिवाय धाबे गळत असताना दुसरी माती आणायची कुठून, हा अण्णांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. पण निदान वेचलेले मणी तरी त्यांनी फेकायला नको होते.